लांब पल्ल्याची बेगमी

हिवाळ्यांतील एका रविवारीं, शहर अजून पुरतें जागें झालेलें नसतां, मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसासमोर हजारों माणसें छातीवर क्रमांकाचीं फडकीं लावून उभीं असतात. इ. स. २००४ मध्यें मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि तेव्हांपासून हें दृश्य शहरवासीयांच्या चांगलेंच परिचयाचें झालें आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंस उभे असलेले लोक टाळ्या वाजवितात, पाणी पुढें करतात, आणि पेडर रोडचा चढ चढतांना एकाद्याचे पाय जड झालेले दिसले म्हणजे हळहळतात. "बिचाऱ्याचें नशीब!" असेंहि कोणी म्हणून जातो. परंतु त्या चढावर जें घडतें त्याचा नशिबाशीं फारच थोडा संबंध असतो. त्या माणसाचे पाय तेथें कां जड झाले, याचें उत्तर बहुधा चार महिन्यांपूर्वींच्या त्याच्या दिनक्रमांत सांपडतें. प्रेक्षकांस शर्यतीचे तीन-चार तास दिसतात. शर्यत ज्या दिवसांत ठरते ते दिवस कोणासच दिसत नाहींत.

कोंकणांत मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं घरोघर आगोटीची धांदल असते. लांकडें फोडून रचलीं जातात, छपरें शाकारलीं जातात, पापड, सांडगे, सुकी मासळी, मीठ, मसाला यांची चार महिन्यांची बेगमी होते. ज्या गृहिणीनें वैशाखांत ही बेगमी केली तिला आषाढांतल्या मुसळधार पावसाचें भय वाटत नाहीं. आणि जिनें केली नाहीं तिनें आषाढांत कितीहि धांवाधांव केली तरी ओलीं लांकडें पेटत नाहींत. लांब पल्ल्याच्या धांवेचें शास्त्र थोडक्यांत हेंच आहे. ज्या गोष्टी आधींच करावयाच्या असतात त्या ऐन वेळीं दुप्पट श्रमांनींहि करतां येत नाहींत.

मॅरेथॉनचें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर आहे. १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत हें अंतर प्रथम योजलें गेलें व १९२१ सालीं तेंच कायम ठरलें. आंकडा जरा विचित्र दिसतो खरा. परंतु मानवी देहाची परीक्षा पाहण्यास याहून नेमकें अंतर शोधूनहि सांपडलें नसतें. त्याचें कारण देहाच्या जमाखर्चांत आहे.

भात, पोळी, बटाटे, केळीं अशा पदार्थांपासून मिळणारी साखर देह स्नायूंत आणि यकृतांत एका विशिष्ट रूपानें सांठवून ठेवतो. या सांठ्याला ग्लायकोजेन असें नांव आहे. चांगल्या पोसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरांत हा सांठा सुमारें ४०० ते ५०० ग्रॅम असतो. एका ग्रॅमापासून सुमारें ४ कॅलरी शक्ति मिळते. म्हणजे एकूण पुंजी १,६०० ते २,००० कॅलरींची झाली. आतां खर्चाची बाजू पाहावी. धांवतांना शरीराच्या दर किलो वजनास दर किलोमीटरमागें साधारणतः एक कॅलरी लागते. तेव्हां ६० किलो वजनाच्या माणसाला संपूर्ण शर्यतीसाठीं २,५०० कॅलरी हव्यात. पुंजी दोन हजारांची आणि खर्च अडीच हजारांचा! साहजिकच तीस किलोमीटरांच्या आसपास तिजोरीचा तळ दिसूं लागतो. पाय शिशासारखे जड होतात, डोकें सुन्न होतें, आणि आतांपर्यंत सहज चाललेली गति एकाएकीं ढांसळते. मुंबईच्या शर्यतींत पेडर रोडचा चढ नेमका याच सुमारास समोर येतो. धावपटूंस त्याचा धाक वाटतो तो एकट्या चढामुळें नव्हे.

देहाजवळ दुसरीहि एक पुंजी असते, ती म्हणजे चरबी. सडसडीत माणसाच्या अंगींदेखील ती कित्येक मॅरेथॉनींना पुरेल इतकी असते. परंतु चरबी ही जमिनींत गुंतविलेल्या पैशासारखी आहे. ती आहे हें खरें, पण बाजारांत उभें असतां ती हवी तितक्या त्वरेनें हातीं येत नाहीं; शिवाय तितकीच शक्ति मिळविण्यास चरबीला प्राणवायु अधिक लागतो. तयारीचें पहिलें काम हें कीं, गुंतलेली पुंजी वापरण्याची सवय देहाला लावावयाची आणि रोख पुंजी काटकसरीनें खर्च करण्यास शिकवावयाचें.

हें शिक्षण देहाला उपदेशानें मिळत नाहीं, तें आवृत्तीनेंच मिळतें. महिनोगणती नियमानें धांवणाऱ्या माणसाचें हृदय एका ठोक्यास अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें. स्नायूंतील सूक्ष्म केशवाहिन्यांचें जाळें दाट होतें. पेशींमध्यें शक्ति उत्पन्न करणाऱ्या ज्या बारीक भट्ट्या असतात, ज्यांना मायटोकॉंड्रिया म्हणतात, त्या वाढतात; आणि त्या वाढल्या म्हणजे त्याच गतीस चरबीचा वांटा अधिक व साखरेचा कमी खर्च होतो. यांतील एकहि बदल एका रात्रींत होत नाहीं, आणि पैसे देऊन तो विकतहि मिळत नाहीं.

येथें नवशिक्याची एक फसगत होते ती सांगण्यासारखी आहे. देहाचीं सर्व अंगें सारख्याच वेगानें तयार होत नाहींत. रक्त आणि हृदय कांहीं आठवड्यांतच सुधारणा दाखवितात. कंडरा व हाडें यांना मात्र महिनेच्या महिने लागतात. दीड-दोन महिन्यांत श्वास लागेनासा झाला कीं माणसाला वाटतें, आपण तयार झालों. तो एकदम अंतर दुप्पट करतो, आणि मग नडगी, टांच अथवा गुडघा त्याला आठवड्यांचे आठवडे घरीं बसवितो. उत्साहाची तयारी झालेली असते, पायांची झालेली नसते. म्हणून जाणते शिक्षक नवशिक्याला भरभर धांवण्यापेक्षां हळूहळू वाढविण्याचा धडा आधीं देतात.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. धांवण्यानें देह बळकट होतो असें आपण म्हणतों. परंतु नेमकें बोलावयाचें तर धांवण्यानें देह थकतो व झिजतो, आणि बळकट होतो तो नंतरच्या झोपेंत व विश्रांतींत. शेत नांगरलें म्हणजे पीक आलें असें नव्हे. मधला काळ जमिनीला द्यावाच लागतो. यासाठींच शर्यतीपूर्वींच्या दोन-तीन आठवड्यांत धांवण्याचें प्रमाण क्रमाक्रमानें उतरविण्याची पद्धति आहे. गंमत अशी कीं, नेमक्या याच दिवसांत धावपटूच्या मनाला अधिकांत अधिक चुटपुट लागते. राहिलें तें आतां भरून काढावें असा मोह होतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळणाऱ्या विद्यार्थ्याचीहि हीच अवस्था असते, आणि दोघांनाहि दुसऱ्या दिवशीं त्याचें एकच फळ मिळतें.

तयारी नसली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण म्हणून १९०४ सालच्या सेंट लुइस येथील ऑलिंपिक मॅरेथॉनकडे बोट दाखवितां येईल. ३० ऑगस्टची ती दुपार होती. उष्णता ३२ अंशांच्या घरांत गेली होती. रस्ते कच्चे असून पुढें धांवणाऱ्या मोटारींची धूळ धावपटूंच्या नाकातोंडांत जात होती. वाटेवर पाणी एक-दोन ठिकाणींच ठेवलें होतें. धांवतांना पाणी पिणें घातक, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत असे. ३२ जण निघाले आणि १४ जण पोहोंचले. विजयी ठरलेल्या टॉमस हिक्स याला वाटेंत त्याच्या सहायकांनीं ब्रँडी व स्ट्रिक्निन हें विष थोडथोडें दिलें, आणि जवळजवळ भ्रमिष्ट अवस्थेंत त्यानें ३ तास २८ मिनिटें ५३ सेकंदांत शर्यत संपविली. ऑलिंपिक मॅरेथॉनच्या इतिहासांत इतका मंद विजय दुसरा नाहीं. येथें धावपटूंच्या जिद्दीला तोटा नव्हता. शर्यत भरविणाऱ्यांच्या तयारीला होता. एकाच्या श्रमांचें फळ दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळें कसें करपतें, हेंहि त्यावरून दिसून येतें.

परंतु केवळ तयारी केली म्हणजेहि भागत नाहीं. ती खऱ्या कारणांच्या ज्ञानावर उभारलेली असावी लागते. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा धावपटु सुमारें तीस किलोमीटरांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. उन्हापासून त्वचेचें रक्षण व्हावें म्हणून त्यानें अंगाला मेणचट लेप चोपडला होता असें सांगतात. घाम हा देहाला थंड ठेवणारा एकमेव मोठा मार्ग. तोच त्या लेपानें अडला. त्या बिचाऱ्यानें हयगय केली नव्हती. काळजीच घेतली होती. पण ती काळजी कोणी तपासून पाहिलेली नव्हती. आज उन्हांत धांवावयाचें असल्यास दहा ते चौदा दिवस हळूहळू देहाला त्या उष्णतेची संवय लावतात. तेवढ्या अवधींत घाम लवकर व अधिक सुटूं लागतो आणि त्यांतून जाणारें मीठ कमी होतें. पाणी अजिबात न पिणें जसें घातक, तसेंच तहान नसतां घटाघटा पीत सुटणेंहि घातक, कारण त्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण धोक्याच्या पातळीखालीं उतरूं शकतें. किती प्यावें, हेंहि सरावाच्या दिवसांतच शोधून ठेवावें लागतें.

आतां तयारीच्या उजळ बाजूचें उदाहरण पाहावयाचें तर एमिल झाटोपेकचें नांव घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. चेकोस्लोव्हाकियांतील एका सुताराच्या घरीं १९२२ सालीं हा जन्मला. झ्लिन गांवच्या जोड्यांच्या कारखान्यांत तो कामगार होता. १९४१ सालीं कारखान्यानें भरविलेल्या शर्यतींत धांवण्याची त्याची मुळींच इच्छा नव्हती. वरिष्ठांच्या सक्तीमुळें तो धांवला आणि दुसरा आला. तेथून गोडी लागली. पुढें तो सैन्यांत शिरला. त्याच्या सरावाच्या हकीकती आतां दंतकथांसारख्या झाल्या आहेत: जड लष्करी बूट घालून बर्फांतून तो धांवे, रात्रीं हातांत विजेची बत्ती घेऊन धांवे, पहाऱ्यावर असतां जागच्या जागीं धांवे. या कथा बाजूला ठेवल्या तरी त्याच्या पद्धतीचा गाभा स्पष्ट आहे. ४०० मीटर वेगानें धांवावें, थोडें अंतर संथ जावें, पुन्हां ४०० मीटर वेगानें. असें वीस वेळां, पुढें चाळीस वेळां, आणि त्याहूनहि अधिक. हळू कसें धांवावें हें त्याला ठाऊकच होतें. शिकावयाचें होतें तें वेगानें धांवणें, असा त्याचा साधा तर्क होता. लोक त्याला वेडा म्हणत.

१९५२ सालच्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्यें २० जुलैला त्यानें १०,००० मीटरांची शर्यत जिंकली आणि २४ जुलैला ५,००० मीटरांची. मग त्यानें मॅरेथॉनमध्येंहि उतरण्याचें ठरविलें. मॅरेथॉन तो जन्मांत कधीं धांवला नव्हता! २७ जुलैच्या त्या शर्यतींत इंग्लंडचा जिम पीटर्स होता. अवघ्या सहा आठवड्यांपूर्वीं त्यानें २ तास २० मिनिटें ४२ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला होता. पीटर्स झपाट्यानें पुढें निघाला. झाटोपेकनें त्याला गांठून विचारलें कीं, ही गति ठीक आहे ना? पीटर्सनें, बहुधा त्याला झुलविण्यासाठीं, गति मंदच आहे असें उत्तर दिलें. झाटोपेकनें तें खरें मानलें आणि तो पुढें निघून गेला. तीस किलोमीटरांनंतर पेटके येऊन पीटर्सला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटें ३.२ सेकंदांत पोहोंचला. दुसरा आलेला धावपटु त्याच्या मागें अडीच मिनिटें होता. एकाच ऑलिंपिकमध्यें या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा पुरुष अद्याप झालेला नाहीं.

वरवर पाहणारास वाटेल कीं, हा तयारीवांचूनचा विजय होता. वस्तुतः तो दहा वर्षांच्या तयारीचा विजय होता. झाटोपेकनें मॅरेथॉनचा सराव केला नव्हता, परंतु मॅरेथॉनला जें जें लागतें तें सर्व त्याच्या कोठारांत आधींच भरून होतें. संपूर्ण तयारीचें लक्षणच हें आहे कीं, ज्या प्रसंगाची कल्पनाहि केलेली नसते त्या प्रसंगींदेखील ती उपयोगी पडते. ज्यानें केवळ अपेक्षित प्रश्नांचीं उत्तरें पाठ केलीं त्याचा एका अनपेक्षित प्रश्नानें निकाल लागतो. ज्यानें विषय पचविला त्याला प्रश्न कसाहि आला तरी वाट सांपडते.

तयारीचा दुसरा प्रकार बारकाव्याचा असतो, आणि त्याचा नमुना इथिओपियाच्या अबेबे बिकिलाच्या ठायीं पाहावयास मिळतो. बिकिला हा सम्राटाच्या अंगरक्षक दलांतील शिपाई. १० सप्टेंबर १९६० रोजीं रोम येथें तो अनवाणी धांवला आणि २ तास १५ मिनिटें १६.२ सेकंदांत, जगांतील तोंवरच्या उत्तम वेळांत, जिंकला. अनवाणी धांवण्याची ती गोष्ट पुष्कळांना चमत्कारासारखी वाटली. परंतु त्यानें मायदेशीं अनवाणी सराव केलेला होता. रोममध्यें मिळालेले नवे बूट पायांना नीट बसेनात, तेव्हां त्यानें अनोळखी बुटांपेक्षां ओळखीच्या तळव्यांवर भरंवसा ठेवला. शर्यतीच्या दिवशीं कांहींहि नवें करूं नये, हा लांब पल्ल्याच्या धावपटूंचा पहिला नियम आहे. नवे बूट नकोत, नवें अन्न नको, नवी गतिहि नको.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, बिकिला आणि त्याचा स्वीडिश शिक्षक ओन्नी निस्कानेन यांनीं शर्यतीचा मार्ग आधींच पाहून ठेवला होता. शेवटच्या टप्प्यांत, अखेरच्या रेषेपासून मैलाहून थोड्या कमी अंतरावर, आक्सुमचा प्राचीन शिलास्तंभ उभा होता. हा स्तंभ इटलीच्या फौजांनीं १९३७ सालीं इथिओपियांतून उचलून रोमला आणलेला; इथिओपियाला तो २००५ सालीं परत मिळाला. येथेंच निकराची झेप घ्यावयाची, असें त्यांनीं ठरविलें. शर्यत अंधार पडल्यावर, मशालींच्या उजेडांत संपली. मोरोक्कोचा राधी बेन अब्देसलाम अखेरपर्यंत बरोबर होता. स्तंभ दिसतांच बिकिला पुढें सरला आणि पंचवीस सेकंदांच्या अंतरानें जिंकला. चाळीस किलोमीटर धांवून थकलेल्या मेंदूला निर्णय घेणें जड जातें. त्यानें तो निर्णय ताज्या डोक्यानें, दिवसाच्या उजेडांत, आधींच घेऊन ठेवला होता. संसारांतहि आजारपण, मृत्यु, नोकरी जाणें अशा प्रसंगीं मन थकलेलें असतें; त्या वेळीं काय करावयाचें हें ज्या घरांत स्वस्थ काळांत बोलून ठेवलेलें असतें तें घर कमी चुकतें.

महाराष्ट्रालाहि या विषयांत एक स्वतःची आठवण आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भरविलेल्या मैदानी सामन्यांत शेतकरीवर्गांतील तरुण धांवले. त्यांना आधुनिक धांवपट्टीचे नियम ठाऊक नव्हते, कोणी शिक्षक नव्हता, खाणेंपिणेंहि बेताचें होतें. तरीहि त्यांची धांव पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांचें मन वेधलें गेलें, आणि त्यांच्या पुढाकारानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस भारतीय खेळाडूंचा छोटा संघ गेला. त्यांतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉनमध्यें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पोहोंचून एकोणिसावे आले. त्या वर्षींचें अंतर आजच्याहून थोडें अधिकच, ४२.७५ किलोमीटर होतें. विजेता फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन. त्याच्या आणि चौगुल्यांच्या मध्यें अठरा मिनिटांचें अंतर पडलें. या अठरा मिनिटांत काय काय सामावलें असेल याचा विचार करण्यासारखा आहे. धांवणाऱ्याच्या पायांत तर बळ होतेंच. उणीव होती ती त्या बळामागें वर्षानुवर्षें उभ्या राहणाऱ्या शिक्षकांची, मैदानांची, आहाराची आणि परदेशीं वारंवार उतरण्याच्या अनुभवाची. तयारी ही व्यक्तीची असते तशीच समाजाचीहि असते, आणि समाजाची बेगमी एका पिढीनें दुसरीसाठीं करावी लागते.

इतकें सांगितल्यावर एक आक्षेप उरतोच. कसून तयारी केली म्हणजे यश ठरलेलेंच, असें म्हणतां येईल काय? प्रामाणिक उत्तर नाहीं असेंच आहे. जिम पीटर्सनें तयारींत कसूर केली होती असें कोणीहि म्हणणार नाहीं. तरी त्याला हेल्सिंकीचा शेवट पाहावयास मिळाला नाहीं. स्वतः झाटोपेकनें १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकपूर्वीं पत्नीला खांद्यांवर घेऊन धांवण्याचा सराव केला, त्यांत अंतर्गळाचें दुखणें उद्भवलें, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि मॅरेथॉनमध्यें तो सहावा आला. अति तयारीनेंहि तयारीचा घात होतो. उलट बिकिलाचें आंत्रपुच्छ १९६४ सालीं टोकियोच्या शर्यतीपूर्वीं अवघे पांच आठवडे काढून टाकण्यांत आलें असतांहि तो २ तास १२ मिनिटें ११.२ सेकंदांत जिंकला. तेव्हां तयारीनें निकाल आपल्या मुठींत येत नाहीं. ती फक्त एवढें करते कीं, जें आपल्या हातीं आहे तें हातचें जाऊं देत नाहीं, आणि जें आपल्या हातीं नाहीं त्याला तोंड देण्याइतकी शक्ति शिल्लक ठेवते.

ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा १९६० नंतरच्या दशकांतील थोर धावपटु. लांब पल्ल्याचे जागतिक उच्चांक त्यानें अनेक वेळां मोडले. परंतु ऑलिंपिक सुवर्णपदक त्याच्या नशिबीं कधींच आलें नाहीं. १९६६ सालीं तो प्रागला गेला असतां झाटोपेकनें त्याचें आदरातिथ्य केलें, आणि निघतांना विमानतळावर एक लहानसें पुडकें त्याच्या हातीं ठेवलें. क्लार्कनें तें नंतर उघडून पाहिलें, तेव्हां आंत हेल्सिंकीचें १०,००० मीटरांचें सुवर्णपदक होतें. ज्यानें स्वतः रोजच्या रोज श्रम केले होते त्यालाच दुसऱ्याच्या श्रमांची खरी किंमत कळली. पदक मिळालें नाहीं म्हणून क्लार्कची तयारी व्यर्थ गेली, असें झाटोपेकनें मानलें नाहीं.

झाटोपेकचा पुढचा काळहि सोपा गेला नाहीं. १९६८ सालीं त्यानें आपल्या देशांतील सुधारणेच्या चळवळीस पाठिंबा दिला. सोव्हिएट फौजा देशांत शिरल्यानंतर त्याला सैन्यांतील हुद्दा गमवावा लागला, आणि कित्येक वर्षें घरापासून दूर राहून अंगमेहनतीचीं कामें करावीं लागलीं. त्या दडपणाखालीं त्याला माघारहि घ्यावी लागली. परंतु तो जगला, कामाला लाजला नाहीं, आणि २००० सालीं मरण येईपर्यंत लोकांच्या प्रेमास पात्र राहिला. बिकिलाला १९६९ सालीं मोटारीचा अपघात झाला आणि जगांतले ते विख्यात पाय कायमचे निकामी झाले. पुढच्याच वर्षीं तो चाकांच्या खुर्चींत बसून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथें अपंगांच्या सामन्यांत धनुर्विद्येच्या स्पर्धेस उतरला. १९७३ सालीं त्याचा अंत झाला. पाय गेले होते. पण रोज उठून थोडें करावें, उद्यां आणखी थोडें करावें, ही पायांनीं लावलेली संवय राहिली होती.

घरांघरांतून या विषयाचा उपयोग याच ठिकाणीं आहे. प्रत्येकानें बेचाळीस किलोमीटर धांवावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु प्रत्येकाच्या आयुष्यांत लांब पल्ल्याचे कांहीं प्रवास असतातच. मुलांचें शिक्षण, वृद्धांची शुश्रूषा, कर्जाची फेड, एकाद्या कलेची उपासना, हीं सर्व तीस किलोमीटरांनंतर अवघड होणारीं कामें आहेत. आरंभाच्या उत्साहावर तीं सुरू होतात आणि मधल्या थकव्यांत अडतात. पहांटे तंबोरा जुळवून तासभर एकच स्वर लावणाऱ्या गायकाचा रियाज शेजाऱ्यांना कंटाळवाणा वाटतो. मैफलींत तोच स्वर लागला म्हणजे लोक त्याला देणगी म्हणतात. आपली गति ओळखून निघावें, अंतर हळूहळू वाढवावें, विश्रांतीला आळस समजूं नये, मार्ग आधीं पाहून ठेवावा, आणि ऐन वेळीं नव्याच्या नादीं लागूं नये. हे पांच नियम धावपटूंनीं पुष्कळ किंमत देऊन शोधले आहेत. इतरांना ते फुकट मिळत आहेत.

पुढच्या हिवाळ्यांत पुन्हां एका रविवारीं तें दृश्य दिसेल. विजेते केव्हांच निघून गेलेले असतील, ऊन चढलेलें असेल, आणि गर्दी पांगूं लागलेली असेल. त्या वेळीं एकादा मध्यम वयाचा, घामानें निथळलेला माणूस आपल्या ठरलेल्या गतीनें, न थांबतां, पेडर रोडचा चढ चढतांना दिसला, तर त्याच्याकडे नीट पाहावें. त्याला विजेत्याचें पदक मिळणार नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत शेजारीपाजारी झोंपेंत असतां तो भल्या पहांटे रोज घराबाहेर पडत होता, आणि त्या सर्व पहांटा आतां त्याच्या पायांखालीं आहेत.